फोटोतले पाय

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेसमध्ये मी भाकऱ्या करते. सातवीत शाळा सुटली, गडचिरोलीकडून इतक्या लांब कोल्हापुरात आले, इथं ओळख ना पाळख. तरी मेसच्या मालकांनी काम दिलं, राहायला मागची खोली दिली. ते उपकार मी विसरत नाही, आणि म्हणूनच त्यांची भीतीही जास्त वाटते.

मेसमधला कट्टा माझ्या छातीला लागतो. भाकरी थापायला मी दुधाचा रिकामा क्रेट उपडा घालून त्यावर उभी राहायचे. माझ्या आधीची बाई अशीच क्रेटवरून घसरली आणि हात भाजल्यावर काम सोडून गेली. तेव्हापासून मालकांनी सांगून ठेवलेलं, "क्रेटवर कोण दिसलं की दुसऱ्या दिवशी घरला." त्यांची बुलेट वाजली की मी खाली उतरून क्रेट पायानं आत ढकलायचे.

मेसमध्ये जेवणाऱ्या एका मुलीला वर्गासाठी फोटो हवे होते. माणूस वस्तूशी कसं जमवून घेतो ते फोटोत बघायचं, मग ती वस्तू सुधारायची, असं त्यांच्या मॅडम शिकवतात म्हणे. मी नको म्हटलं. ती म्हणाली, चेहरा घेत नाही मावशी, नुसते पाय. पायांवरून कोण ओळखणार? मलाही पटलं.

मग त्यांच्या लॅबमध्ये सगळ्या मुलांनी काढलेले फोटो लावले, मालकांनाही बोलावलं आणि चहा द्यायला मला पाठवलं. लॅबच्या दारात चपला काढायच्या असतात. काढून आत गेले, तर समोर भिंतीवर परातीएवढे माझे पाय. क्रेटवर, टाचा उचललेल्या, आणि घोट्यापासून बोटांपर्यंत हिरवं गोंदण. माझ्या आईनं लहानपणीच करवून घेतलेलं. कोल्हापुरात असं गोंदण मी दुसऱ्या कुणाच्या पायावर पाहिलेलं नाही. आम्ही दोघी चेहऱ्याच्याच नादात राहिलो होतो.

मालक त्याच फोटोसमोर उभे. साडी खाली ओढावी तर हातात चहाचा ट्रे. मॅडम मुलांना विचारत होत्या, यात काय दिसतं? कुणी म्हणालं टाचा, कुणी म्हणालं कट्टा फार उंच आहे. मालकांनी कप उचलला, फोटो बघितला, मग खाली माझ्या पायांकडं बघितलं. आता जायचं कुठं, एवढंच माझ्या डोक्यात.

"तुम्ही पडला असता तर?" ते हळू आवाजात म्हणाले.

फोटो काढणारी मुलगीच मध्ये आली. "काका, त्यांना कामावरून काढू नका. कट्टाच उंच आहे की."

"कट्टा मीच बांधून घेतलाय. माझ्या उंचीनं." चहा संपेपर्यंत ते फोटोकडंच बघत राहिले. मग मला म्हणाले, "क्रेट न्हाय पायजे. बाकीचं बघतो."

बाकीचं म्हणजे काय, हे विचारायचा धीर झाला नाही. खोलीत जाऊन मी पिशवी भरून ठेवली. पुढचे काही दिवस चवड्यांवर उभं राहून भाकऱ्या केल्या. पोटऱ्या भरून यायच्या. बुलेट वाजली की आता ढकलायला क्रेटही नव्हता, तरी पाय आपोआप हलायचा. मग एका सकाळी गवंडी आला आणि कट्ट्यापुढं रुंद पायरी बांधायला लागला.

मुलगी परत आली. तिला पायरीवरचा फोटो हवा होता. मी हो म्हटलं, पण मोजे घालून उभी राहिले.

"मोजं कशाला वो बाई," मालक म्हणाले, "थंडी वाजतीय व्हय?"

मी हसले, पण मोजे काढले नाहीत. खोलीतली पिशवीही अजून तशीच भरलेली आहे.