सरकून बसतो म्हणणारं गाणं

"तुमच्या दोन्ही किडन्या थकल्या आहेत. डायलिसिस सुरू करावं लागेल," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा बाहेर बाकावर कुणाच्या तरी मोबाईलमध्ये ते गाणं वाजत होतं. डॉक्टरांवर चिडून उपयोग नव्हता, म्हणून मी गाण्यावर चिडलो.

त्याआधी दोन महिने पाय सुजत होते आणि मी चपलांना दोष देत होतो. मग क्रिएटिनिन तपासलं. किडनीने बाहेर टाकायची घाण रक्तात किती साठली आहे, ते या तपासणीत कळतं. माझ्या रक्तात भरपूर साठली होती. हातावर फिस्टुला केला, म्हणजे शीर आणि रोहिणी जोडून सुया टोचायला जाड रक्तवाहिनी तयार केली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास. नव्याने सुरू होणाऱ्यांना सांगतो, सुयांची सवय होते. शेजाऱ्यांची व्हायला वेळ लागतो.

माझी शेजारीण सोनाली. वय तेवीस, देवळ्याजवळच्या खेड्यातली. सुया टोचायची वेळ आली की ती मोबाईलवर तेच गाणं लावायची, स्पीकरवर. त्यातला तरुण गायक कळवळून सांगतो, की जग बदलायची वाट बघून मी दमलो, आज मीच जरा सरकून बसतो, तू टेक. एवढंच तो चार मिनिटं सांगतो. हे एसटीचा कंडक्टर रोज फुकट सांगतो, त्याला कुणी गिटार देत नाही.

पण वॉर्डात सगळ्यांना त्यात अर्थ दिसायचा. सिस्टर म्हणायच्या, माणसाने आधी स्वतः बदलावं, असा त्याचा अर्थ. माझी बायको मंदा डबा घेऊन यायची, ती म्हणायची, "हे गाणं तुमच्यावरच लिहिलंय." मी पस्तीस वर्षं छापखान्यात तपासणीला होतो. छापलेल्या कागदातली चूक शोधणं हेच काम. निवृत्त झालो तरी डोळा निवृत्त झाला नाही, हे मला मान्य आहे.

पहिल्याच महिन्यात मला तिथली चूक सापडली होती. टेक्निशियन एक, दुपारच्या पाळीचे पेशंट सहा. एकेकाला मशीनवर घ्यायला वीस मिनिटं लागतात आणि तो मनाला येईल त्याला आधी घ्यायचा. मी तक्रार केली. जो आधी येऊन रजिस्टरमध्ये नाव लिहील, त्याला आधी घ्यायचं, असं ठरलं. तसा कागद मी स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवला. माझं घर नाशिक रोडलाच, सेंटरपासून पाच मिनिटांवर. साडेदहालाच जाऊन मी नाव लिहायचो. बाराला मशीनवर, चारला सुटका, सव्वाचारला घरी चहा.

सोनाली गाड्या बदलत साडेअकराला पोचायची. तोवर पाच नावं झालेली असायची.

एकदा मी तिला ऐकवलं, "रोज गाणं ऐकतेस, मग अर्थ पण समजून घे. आधी स्वतः बदलायचं. लवकर यायचं."

"बरं काका," ती म्हणाली. मग तिने आईला फोन लावून अहिराणीत सांगितलं, "आई, मी मशीनवर शे," आणि डोळे मिटले. आपण एका मुलीला शिस्त लावली, असं मला त्या दिवशी वाटलं. आता ते आठवलं की लाज वाटते.

एका बुधवारी तिचा बेड रिकामा होता. गाणं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग सिस्टरांनी सांगितलं, "सोनाली आयसीयूत आहे. फुप्फुसात पाणी झालंय."

मी म्हणालो, पाणी जास्त प्यायली असेल. आजकालच्या मुलांना पथ्य नको.

सिस्टर माझ्या हाताला पट्टी लावत होत्या, त्या थांबल्या. "काका, ती तुमच्यापेक्षा कमी पिते. तिचं डायलिसिसच पूर्ण होत नाही. शेवटचा नंबर, म्हणजे सुटायला पावणेसहा होतात. देवळ्याची शेवटची थेट गाडी साडेपाचला. ती सही करून तासभर आधीच मशीन बंद करायला लावते. आम्ही नंबर बदलायला गेलो असतो, पण तो कागद आहे ना."

कागद माझ्या समोरच्याच भिंतीवर होता. चार तास मी तो वाचत पडलो. त्यात एकही चूक नव्हती.

त्या आठवड्यात मी चहा घेतला नाही. मंदाने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. पोरीला काही झालं तर, हे तोंडातून निघेना.

बाराव्या दिवशी ती परत येणार, असं कळलं. मी साडेदहालाच गेलो. पहिल्या ओळीवर सोनालीचं नाव लिहिलं आणि रजिस्टर धरून तिथेच बसलो. बाकीचे चार लिहून झाले, मग सगळ्यात खाली माझं. टेक्निशियन म्हणाला, "काका, काहीतरी चुकलं तुमचं." मी म्हणालो, "हो. आता दुरुस्त केलंय." भिंतीवरचा कागद मीच काढला.

सोनाली आली, वाळून अर्धी झालेली. पहिला नंबर बघून म्हणाली, "काका, तुम्हाला लय उशीर होईल."

"माझं घर काय पळून जातंय का? झोप."

सुया टोचताना तिने गाणं लावलं. मी बाकावरून ओरडलो, आवाज कमी कर. तेव्हा तिच्याकडूनच कळलं, की हे गाणं संपेपर्यंत सुयांकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलेलं आहे. एवढाच तिने लावलेला अर्थ.

तुमच्यापैकी कुणाला मशीनवर जावं लागलं, तर पथ्य डॉक्टर सांगतीलच. शेजारच्या बेडवरच्या माणसाला गाडी कितीची, हे मात्र तुम्हीच विचारा. मी आठ महिने विचारलं नव्हतं.

गाणं मला अजूनही भिकारच वाटतं. आता मी सहाला घरी पोचतो, चहा गार झालेला असतो, आणि मंदा तो परत गरम करताना नेमकं तेच गुणगुणते. तोवर देवळ्याची गाडी ओझरच्या पुढे गेलेली असते, आणि सोनालीचे चार तास पूर्ण झालेले असतात.