भाभींनी बुजवलेले खड्डे

होळीनंतरचा पहिला रविवार. अडाण नदीचं पात्र, बोरी अरबच्या खालच्या अंगाला, धुण्याच्या दगडापाशी. हजर : मनियारीण भाभी, शेवंता आणि मी. मागाहून आलेले : जमादार, एक शिपाई आणि फुकटची करमणूक बघायला जमलेलं अर्धं गाव.

बचत गटाची सचिव असल्याने लिहून ठेवायची मला सवय आहे. ही नोंद मात्र मी मुद्दाम केली, कारण पुढे ज्याने त्याने ती सकाळ आपापल्या सोयीने सांगितली.

भाभी माणसाचं तोंड आधी बघत नसत, हात बघत. बाजारपेठेत त्यांचं बांगड्यांचं दुकान. बाई पायरी चढली की मनगट धरायच्या, बोटं दाबून माप सांगायच्या आणि मग वर बघून म्हणायच्या, "अरे, तू व्हय!" बायकांचं काय हरवतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आज जोडवं गेलं, उद्या कानातलं. आणि हरवलं म्हटलं की घरचे पहिला संशय तिच्यावरच घेणार.

म्हणूनच पुतण्याने भंगारातलं लोखंड शोधायला आणलेली मशीन तो कंटाळल्यावर भाभींनी उचलली. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, कानाला लावायचे हेडफोन. साठी उलटलेली बाई ओढणी खोचून, कानाला ते लावून वाळूत फिरते म्हटल्यावर गाव हसलं. भाभी म्हणाल्या, "हासा बाप्पा. उद्या तुमच्या बायकाच येतीन माह्याकडं." आल्याच.

मीही शिकायला गेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला नदीवर नेलंच नाही. त्यांच्याच अंगणात एक नाणं, एक खिळा आणि बाटलीचं झाकण पुरून ठेवलं होतं. तिन्हींचे आवाज ओळखू येईपर्यंत बाहेर पडायचं नाही. शिवाय सरपंचांना विचारल्याशिवाय गावठाणात की नदीत पाऊल नाही. जुनं काही लागलं तर हात लावायचा नाही, तहसिलीत कळवायचं. मी भराभर मशीन फिरवली तर ओरडल्या, "काहून पळून राह्यली? झाडू मारतं काय? सारवल्यावानी फिरव!" तिथे मला उमजलं. शेणाने सारवताना एक हात आधीच्या हातावर थोडा चढतो, मध्ये कोरडी पट्टी राहत नाही. चकतीही तशीच फिरवायची, जमिनीलगत.

पण त्यांचा खरा हट्ट खड्ड्याचा. खुरपीने वीतभर उकरायचं, माती पोत्याच्या तुकड्यावर काढायची, आणि वस्तू मिळो न मिळो, माती परत लोटून पायाने दाबायची. "गाईचा पाय मुरगळला तं मिळालेलं सोनं काय कामाचं?" बुजवलेली जागा नंतर मलाही सापडत नसे. निघालेले खिळे, झाकणं, गुटख्याच्या पुड्या त्या पिशवीत भरून आणत. त्या पात्रात अनवाणी पोरं खेळत, ती या पिशवीमुळे. हे कोणी कधी बोललं नाही.

शेवंताचं मंगळसूत्रातलं डोरलं धुणं धुताना पडलं. सासू म्हणाली, माहेरी नेऊन विकलं. नवऱ्याने स्वयंपाकाला हात लावू देणं बंद केलं. शेवंता दुकानात येऊन नुसती उभी राहिली. भाभींनी मनगट धरलं आणि म्हणाल्या, "रवारी चल. वाळू कोठी जाते?"

त्या रविवारी आम्ही दगडाभोवती सुतळी लावून दोन भाग पाडले. दगडापासून पाण्यापर्यंतचा भाग सारवून झाला. बाभळीकडचा भाग सुरू करणार, तोच जमादार.

टेकडीमागच्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीजवळ अमावास्येला कोणीतरी पुरुषभर खड्डे खोदले होते. लिंबं, कुंकू, काळी बाहुली. गुप्तधनाचं खूळ आमच्या भागाला नवीन नाही. खोदणारे कोण, हेही कुजबुजत का होईना सगळ्यांना ठाऊक होतं. पण जमादार म्हणाले, "मशीन गावात कोणाकडं आहे? तुमच्याकडंच ना?"

"मशीन माही हाय. लिंबं माही नाहीत."

"आणि कुंकू?"

"कुंकू तं सारं गाव माह्याच दुकानातून नेते, साहेब. मंग साऱ्या गावालेच न्या!"

लोक हसले. जमादारांना ते झोंबलं. "बरं, तुम्ही खोदता ते खड्डे दाखवा. बघू केवढे असतात."

"बुजवले."

"म्हणजे पुरावा नाही."

ज्यांनी खोदून उघडं टाकलं ते घरी झोपलेले, आणि जिने प्रत्येक खड्डा बुजवला तिच्याकडे दाखवायला खड्डाच नाही! सरपंच गर्दीत उभे होते. परवानगी त्यांनीच दिलेली. मी म्हटलं, "सांगा ना." ते म्हणाले, "तोंडी बोललो असेन, आठवत नाही." भाभींनी ज्यांची कानातली, जोडवी शोधून दिली त्या बायका पदराआडून बघत राहिल्या. एकट्या शेवंताने मशीनचा दांडा धरला, "नेऊ नका वो, माहं डोरलं राह्यलं!" तिला शिपायाने बाजूला सारलं.

मशीन गेली. भाभींनी शेवटच्या बुजवलेल्या खड्ड्यावरची वाळू पुन्हा पायाने दाबली, सुतळी गुंडाळली आणि आमच्या आधी चढण चढल्या.

त्यानंतर दुकानात बायका कमी झाल्या. "भाभीकडं काळी विद्या हाय" इथवर मजल गेली. पावसाळ्याआधी लेकीने त्यांना अकोल्याला नेलं. एसटीच्या खिडकीतून त्यांनी माझं मनगट धरलं. "बाई, बाभळीकडचं राह्यलं." दिवाळीनंतर लेकीचा फोन आला. भाभी गेल्या.

मशीन अजून ठाण्यात आहे. मी विचारायला गेले की साहेब रजेवर असतात, नाहीतर बंदोबस्तात. शेवंता अजून वेगळ्या चुलीवर रांधते. आम्ही दोघी पात्रात चाळणी घेऊन बसतो. खिळे निघतात, झाकणं निघतात, तेवढाच पसाभर खड्डा बुजवून उठतो. गेल्या पावसाळ्यात पाणी बाभळीपर्यंत चढलं नाही. यंदाच्या पुराआधी मशीन सुटली नाही, तर वाळू कुठे जाईल ते सांगता येत नाही.

दगडापासून बाभळीपर्यंत सारवायचं बाकी आहे.