शब्द बरोबर होता

जळगावात आमचं अलार्म केंद्र सुरू झालं तेव्हा ऑपरेटर निवडायचं आणि शिकवायचं काम माझ्याकडे आलं. त्याआधी मी एका कुरिअर कंपनीत तक्रारी ऐकायचे, तेवढाच अनुभव. काम सोपं वाटलं होतं. दुकानात, गोदामात अलार्म वाजला की आमच्या पडद्यावर लाल ओळ येते. ऑपरेटरने मालकाला फोन लावून परवलीचा शब्द विचारायचा. बरोबर सांगितला तर चुकून वाजला समजून नोंद बंद करायची. चुकला तर गार्ड पाठवायचा.

एरंडोलहून एसटीने येणारी चाळिशीची एक बाई टायपिंगमध्ये सगळ्यांत मागे होती. सरावात शब्द विचारायच्या आधी ती समोरच्याला "जेवण झालं का?" विचारायची. मी टोकलं तर म्हणाली, "ताई, एकदम शब्द इचारा तं पोलिसनागत वाटस." मी तिला नापासच करणार होते. पण निवडलेल्या एका मुलीला नाशिकला नोकरी लागली, म्हणून ही राहिली.

तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी धुळ्यातल्या एका भांड्यांच्या दुकानाची लाल ओळ आली. मी तिच्या मागेच हेडफोन लावून उभी होते. म्हाताऱ्या मालकांनी फोन उचलला, शब्द सांगितला. बरोबर होता. मी बंद करायची खूण केली. तिने केलं नाही.

"आबा, काय व्हयनं? कोनी शे का जोडे?"

"काही नही, काही नही," म्हणत, जवळ कोणी आहे की नाही ते न सांगताच त्यांनी फोन ठेवला. मला न विचारता तिने गार्ड पाठवला. सगळ्यांसमोर नियम मोडला म्हणून मी तिला बोलले.

थोड्या वेळाने गार्डचा फोन आला. आबा गल्ल्याशेजारी खाली बसलेले, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं; तोल जाताना गल्ल्याखालचं अलार्मचं बटण दाबलं गेलं होतं. त्याने त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. संध्याकाळी त्यांच्या मुलाने फोन केला. वेळेवर आणलं म्हणून वडील वाचले, एवढं सांगून तो रडायलाच लागला.

मी ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. मला एक दमलेला म्हातारा माणूस ऐकू आला, बाकी काही नाही.

"तुला काय वेगळं वाटलं?" मी तिला विचारलं.

"आवाज त्यासना नव्हता, ताई."

"अगं, पण त्यांचा आवाज तू आधी ऐकलाच नव्हतास!"

ती गोंधळली. "हा, तेबी खरंच शे."

वरून हुकूम आला, पुढच्या तुकडीला हेच शिकवा. काय शिकवू? मी रेकॉर्डिंग लावलं. एक जण म्हणाला, शेजारी चोर उभा असेल. दुसरीला वाटलं, सर्दी झालीय. त्यानंतर बरोबर शब्दांवरही गार्ड धावायला लागले. भडगावच्या एका दुकानदाराकडे आठवड्यात तीनदा गेले. शेवटी त्याने मलाच फोन केला. "मॅ-मॅडम, मी तो-तोतरा आहे, चोर नाही!" मला इतकी लाज वाटली की नीट माफीही मागता आली नाही. खुद्द एरंडोलच्या बाईनेही चाळीसगावच्या एका कापसाच्या गोदामावर माणूस पाठवला. मालकाच्या तोंडात पान होतं.

मग जुनाच नियम परत आला: शब्द बरोबर, तर नोंद बंद. तो वाचून झाल्यावर बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "मंग मी काय ऐकू, ताई?"

"शब्द ऐक," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच ते मला पटत नव्हतं.

अजून नवी मुलं येतात, मी तोच नियम शिकवते. शब्द बरोबर आहे पण मन मानत नसेल तर, असं कोणी विचारलं की सांगते, मला हाक मारा. मारतात. मी जाऊन हेडफोन लावते, लक्ष देऊन ऐकते, आणि काहीच कळलं नाही की हळूच बाईला बोलावून घेते.