सासऱ्यांचा खोकला आणि सैल हँडल

हँडल वळवलं की माझी क्वाड बाईक आधी थोडा विचार करायची आणि मग वळायची. कधीकधी विचार बदलायचीसुद्धा.

कतार सोडून निघालेल्या एका सहकाऱ्याकडून ही चार जाड चाकांची वाळूगाडी मी हौसेनं घेतली होती. आम्ही राहतो मदिनत अश शमालला. घरामागे अंगण, अंगणापलीकडे वाळूच वाळू. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला, इराला, मी शब्द दिला होता की शुक्रवारी तुला मागे बसवून फिरवून आणतो. पण बायकोनं, म्हणजे वैशालीनं, ठणकावून सांगितलं, "हँडल नीट झाल्याशिवाय पोरगी त्या गाडीवर बसणार नाही."

"अगं, मी इंजिनिअर आहे," मी म्हणालो. (सिव्हिल. पण भांडणात एवढा तपशील कोण देतं?)

नेमके त्याच आठवड्यात सासरे उदगीरहून आले होते. बसच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं मेकॅनिक. तुम्ही म्हणाल, मग त्यांनाच का नाही विचारलं? कसं विचारणार? जावई आहे मी! आणि ते तरी कसं सांगणार? त्यांच्याकडे जावयाची चूक काढणं म्हणजे पाहुण्याच्या ताटातला लाडू उचलण्यासारखं. म्हणून ते अंगणात खुर्ची टाकून, चहा घेत नुसते बघत बसायचे.

"जमतंय का, जावईबापू?"

"जमलंच आहे, मामा."

सोमवारी मी टायरमधली हवा तपासली. मामा खोकले. मंगळवारी चाकांना जोडणारे दोन दांडे बदलले. मामा जास्त खोकले. बुधवारी हँडलच्या दांड्याच्या तळाशी असलेला नट खोलून ग्रीस भरलं, तर मामांना अशी उबळ आली की कपातला चहा सदऱ्यावर.

"बाबांना इथली धूळ सोसत नाही," वैशाली म्हणाली. हळदीचं दूध झालं, काढा झाला, शेवटी क्लिनिक झालं. डॉक्टरनं छातीला नळी लावून सांगितलं, "चाचा, सब क्लिअर. एकदम फर्स्ट क्लास." घरी येऊन मी पाना हातात घेतला आणि ती फर्स्ट क्लास छाती पुन्हा वाजायला लागली.

गुरुवारी तर मी साइटवरून सर्व्हेचं यंत्र उचलून आणलं. तिपाईवर मांडून पुढची दोन्ही चाकं मिलिमीटरच्या हिशोबानं सरळ केली. एवढ्या काळजीनं मी पूलसुद्धा बांधलेला नाही. हँडल मात्र सैल ते सैलच.

"बाबा, इट्स स्टिल वॉबलिंग," इरा म्हणाली.

"थोडी ढिलाई असावीच लागते गं. पुलालाही ठेवतात."

मामा खोकत खोकत उठून आत गेले.

शुक्रवारी सकाळी वैशाली आंघोळीला गेल्याची संधी साधून मी इराला हेल्मेट घातलं, मागे बसवलं आणि किल्ली फिरवली. तेवढ्यात मामा गाडीसमोर येऊन उभे राहिले. खोकला नाही, काही नाही.

"इरा, उतर खाली."

"व्हाय, आजोबा?"

"उतर म्हणलो ना."

हा आवाज अकरा वर्षांत मी कधी ऐकला नव्हता. इरा उतरली. मीही उतरलो. (मला कुणी सांगितलं नव्हतं, पण आवाजच तसा होता.)

"माफ करा, जावईबापू. तुमचा मान हाय, पण लेकरू बी हाय. हे हँडल हळूहळू डावं-उजवं करत ऱ्हावा."

एवढं बोलून मामा पांढऱ्या सदऱ्यासकट वाळूत उताणे झाले. मी हँडल हलवत राहिलो आणि ते खालून एकेका सांध्यावर हात ठेवत गेले. आठवडाभर जे काम मी एकटा करत होतो ते मुळात दोघांचं होतं. एकानं हलवायचं, दुसऱ्यानं ढिलाई कुठं आहे ते हातानं शोधायचं. दोन मिनिटांत त्यांचा हात दांड्याच्या तळाशी थांबला आणि बाहेर आला तेव्हा चिमटीत बुधवारचा तो नट होता. नुसत्या बोटांनी निघाला होता.

"नट अडवायची हितली पिन कुटं हाय?"

"ती… ग्रीस भरल्यावर उरली होती, मामा. मला वाटलं, जास्तीची दिली असेल."

"दांड्याभोवतीचं आतलं कडं, बुश, झिजलाय, ते गाडीचं दुखणं. नट सैल हाय, ते…" ते अडखळले.

"ते माझं," मी म्हणालो.

नट वाटेत गळून पडला असता तर हँडल माझ्या हातात राहिलं असतं, चाकं भलतीकडे गेली असती आणि मागे माझी इरा होती. मी तिथेच वाळूत बसलो.

"मामा, आधीच का नाही सांगितलंत?"

"चार दिस खोकलो की हो!"

"आता नका खोकू. माझं काहीही चुकलं तर तोंडावर सांगा. पोरीला वाचवलंत माझ्या." वैशालीला सगळं मीच सांगितलं. तिनं काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जुम्म्याच्या नमाजानंतर दुकान उघडलं. नवा बुश आणला, मामांनी तो बसवला, नट कसला, पिन घातली. हँडल आता केसभरही हलेना. इरानं जाहीर केलं, "आजोबा विल ड्राइव्ह." मामांच्या पायात चपला होत्या, म्हणून मी माझे बूट काढून दिले. लग्नात या माणसानं तांब्याच्या परातीत माझे पाय धुतले होते. आज त्यांच्या पायाशी बसून मी बुटाची नाडी बांधली आणि खरं सांगतो, तिथून उठावंसंच वाटेना.

"असू द्या, असू द्या," म्हणत मामा अवघडले. मग त्यांनी खाली पाहिलं, पाय जरा हलवून बघितला.

"जावईबापू," ते अजिबात न खोकता म्हणाले, "गाठ सैल हाय. सरका, मी बांधतो."