मागे ठेवलेलं विरजण

इतिहास ताकातून पाजता येतो असं मानणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच होता, आणि तो नेमका जिंतूरला आमच्या घरासमोर राहत होता. तुमचे आजोबा आणि ते एकाच शाळेत. आजोबा गणिताचे, हे इतिहासाचे. तुम्ही लहानपणी त्यांना दहीआजोबा म्हणायचात. आम्ही सगळे ‘समोरचे मास्तर’ म्हणायचो, आणि आता समोर कुणी राहत नसलं तरी मी तेच म्हणते.

मास्तरांच्या मते गाव सोडणारी माणसं दोनच तऱ्हेची. विरजण मागे ठेवून जाणारी, ती परत येतात. आणि विरजण बरोबर घेऊन जाणारी, ती येत नाहीत. हा सिद्धांत कुठल्या ग्रंथात आहे असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “वैनी, ग्रंथ लिवणारे बायकांच्या चुलीपर्यंत कधी गेले?” त्यामुळे गल्लीत कुणाच्या दारी टेंपो लागला की मास्तर हातात रिकामं बोळकं घेऊन हजर. सामान बांधून झालेलं, दोऱ्या आवळलेल्या, पोरं रडतायत, म्हातारी देवांचा डबा छातीशी धरून पुढे बसलेली, आणि हे त्या घरच्या बाईला म्हणणार, “दही कुठल्या पाटीत बांधलंय? सोडा जरा.” एक सून वैतागून म्हणाली, “मास्तर, पुण्याला पिशवीत मिळतंय की दही!” मास्तर म्हणाले, “मिळतंय ना. पण पिशवीतल्या दह्याला गाव नसतंय, माय.” बिचारीने टेंपोवर चढून अर्धा संसार उसकटला आणि चमचाभर दही त्यांच्या बोळक्यात घातलं. मास्तरांनी तिथेच खिशातला खडू काढून बोळक्यावर आडनाव लिहिलं आणि मगच ड्रायव्हरला हात केला.

निरोप देताना प्रत्येक घराला ते इतिहासातलं एक उदाहरण भेट द्यायचे. दोन वर्षं सोयाबीन हातचं गेलं म्हणून निघालेल्यांना दुर्गादेवीच्या दुष्काळात ओस पडलेली गावं सांगायची, वर आयर्लंडातल्या कुजलेल्या बटाट्याची गोष्ट. बटाटा कुजला, माणसं बोटीत बसली, आणि मागे राहिलेल्या घरांवर गवत उगवलं. हे सगळं टेंपोच्या फळीला धरून, उभ्या उभ्या. शेजारच्या घरातला मुलगा नोकरीला निघाला तेव्हा त्यांनी त्याला हूणांच्या टोळ्या ऐकवायला सुरुवात केली. कुणाला कुणी मागून ढकललं, मग त्याने पुढच्याला कसं ढकललं, आणि शेवटी रोमचं काय झालं. त्याची आई पदराने डोळे पुसत म्हणाली, “मास्तर, पोरगं हिंजवडीला चाललंय हो, लढाईवर न्हाई.” मास्तर गंभीरपणे म्हणाले, “त्यांच्या आयांनाबी तसंच वाटलं व्हतं.”

माणसं गाव का सोडतात याची त्यांच्याकडे तीन कारणं होती: पाऊस, भीती आणि साडू. पहिली दोन शाळेच्या पुस्तकात होती, तिसरं त्यांचं स्वतःचं. “नुसत्या दुष्काळानं कुणी हलत न्हाई, वैनी. मानूस उपाशी बसंल, पन अनोळखी गावाला जानार न्हाई. आधी एक साडू जातो. तिथं खोली घेतो. मग फोन करतो, की या, लय बेस हाय. झालं! गल्ली रिकामी.” हे त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं, असं मला आता वाटतं. आमच्या गल्लीत आधी एका दाराला कुलूप लागलं, आणि मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. साडू, मेव्हणे, आतेभाऊ. संध्याकाळी दिवे लागायचे तेव्हा काळोखाचे तुकडे वाढत गेलेले दिसायचे.

मास्तरांच्या स्वयंपाकघरात मात्र गर्दी वाढत होती. त्यांच्या पत्नी लवकर गेल्या. त्यानंतर फळीवर एका रांगेत सगळी घरं नांदायची. रोज बोरीहून येणारं म्हशीचं दूध तापवायचं, कोमट करायचं, प्रत्येक बोळक्यात त्या त्या घरचं विरजण लावायचं, आणि सकाळी त्यातलं चमचाभर राखून उरलेलं संपवायचं. एवढं दही एकट्याने कसं संपणार? मग ताक. पोस्टमनला ताक, मीटर वाचायला आलेल्याला ताक, कुलपाकडे बघून परत फिरणाऱ्या पाहुण्याला ताक, आणि पेल्याबरोबर गल्लीचा इतिहास. मे महिन्यात लोक आवडीने थांबायचे. पौषात मात्र माणसं त्यांच्या दारावरून सायकल जोरात मारायची. थंडीत दही लागत नाही म्हणून मास्तर घरातले सगळे स्वेटर, शाली, कानटोप्या त्या बोळक्यांवर घालायचे आणि स्वतः मलमलच्या सदऱ्यात शिंकत बसायचे. तुमचे आजोबा म्हणायचे, “अरे, तुझ्या घरात दही घाम गाळायलंय आन् तू गारठून मरायलास.” मास्तर म्हणायचे, “त्यांची मानसं येतील तवा मी काय दाखवू? माझा स्वेटर?”

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, शास्त्र थोडं वाचलेली. मी एकदा शांतपणे समजावलं की एका खोलीत, एका दुधात लावलेली सगळी दही महिन्याभरात एकसारखीच होतात. नावं वेगळी राहिली तरी आत तेच जंतू. मास्तर चार दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी ताकाचा पेला घेऊन आले. “वैनी, तुमचं शास्तर खरं असंल. पन एका गल्लीत जल्मभर राहून आपलीबी चव सारखीच झाली की. म्हनून काय आपन आपली नावं पुसली?” मी पेला घेतला. ताक पिऊन टाकलं.

हे वेड त्यांना लागलं कुठून, ते त्यांनी तुमच्या आजोबांच्या तेराव्यानंतर, आमच्या ओसरीवर सांगितलं. रझाकारीच्या दिवसांत ते आईच्या कडेवर होते. बोरीजवळच्या त्यांच्या खेड्यातून माणसं हद्द ओलांडून वऱ्हाडात पळत होती. चुलीवर दूध तापलेलं, आणि निघायचा निरोप आला. आईने शेजारच्या चाँदबीला हाक मारली आणि दुधासकट विरजण तिच्या हाती दिलं. फौज आली, निजामी गेली, तेव्हा ही मंडळी परतली. घराला दार उरलं नव्हतं, पत्रेही नव्हते. पण चाँदबी बोळकं घेऊन आली आणि म्हणाली, “लेव बहेन, तुमारी अमानत.” तेवढे महिने तिने ते रोज लावलं होतं. मास्तर म्हणाले, “मग भीतीनं घर बदललं, वैनी. आमच्या घरातून निघाली ती त्यांच्या घरात गेली.” थोड्याच दिवसांत चाँदबीच्या घरचे हैदराबादकडे निघाले. जाताना तिनेही आपलं बोळकं आणून दिलं. तेच दही, तेच विरजण, पण ती म्हणाली, हे माझं, वेगळं ठेव. आईने मरेपर्यंत दोन बोळकी लावली. आईनंतर मास्तरांनी.

“आली का ती?” मी विचारलं.

“यील की,” मास्तर म्हणाले. “विरजण हाय न्हवं हितं.”

इतक्या वर्षांत एकच घर परत आलं. टेंपोवर संसार उसकटलेली ती सूनच, मोठ्या गाडीतून उतरली. मास्तर चपला न घालता धावत गेले, हातात तिच्या आडनावाचं बोळकं. ती हसून म्हणाली, “अय्या, अजून आहे? पण आम्ही दही बंद केलंय, मास्तर. डॉक्टरांनी सांगितलंय.” तिचा नवरा घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला गच्ची दाखवत होता. मास्तर परत आले, बोळकं रांगेत होतं तिथे ठेवलं. मला म्हणाले, “ते आले नव्हते, वैनी. इकायला आले व्हते.” त्या दिवशी त्यांनी कुणाला ताक दिलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मास्तर न्हाणीत पडले. पुण्याहून त्यांचा मुलगा आला. भला मुलगा आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही. “बाबा, इथं बघायला कोण आहे? काकू तरी किती दिवस बघतील?” मास्तरांनी वाद घातला नाही. आयुष्यभर पाऊस आणि भीतीचं शिकवत आलेला माणूस, आणि त्याला घेऊन गेला एक न्हाणीतला शेवाळलेला दगड.

गाडी दाराशी लागली तेव्हा मी रिकामं बोळकं घेऊन गेले. म्हटलं, “मास्तर, विरजण ठेवा.” थट्टा करायची होती, पण बोळकं खरंच पुढे धरलं. त्यांनी आतल्या फळीकडे बोट दाखवलं. “सगळं तुमच्याकडंच, वैनी. दूध लय गरम घेऊ नका. इंग्रजी शाळंत शिकलेल्या बायका घाई करतात.” मुलगा म्हणाला, “बाबा, उशीर व्हायलाय.” मास्तर गाडीत बसले, मांडीवर शालीत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी धरून. मी विचारलं, तर म्हणाले, “औषधं हायत.” हूणांचं नाव नाही, बटाट्याचं नाव नाही. गाडी वळेपर्यंत ते समोर बघत होते.

संध्याकाळी मी ती बोळकी आणून माझ्या फळीवर नीट रांगेत लावली. सगळी घरं होती. तुमच्या आईनेही निघताना विरजण दिलं होतं. ती हसत होती, पण दिलं होतं. तेही होतं. नव्हतं फक्त मास्तरांच्या आईचं. मी त्यांच्या घरी जाऊन फळीवर हात फिरवून पाहिला, फळीखालीही पाहिलं. मग ती शाल आठवली. विरजण बरोबर घेऊन जाणारी माणसं परत येत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं होतं.

चाँदबीचं बोळकं मात्र ते ठेवून गेलेत. ती आज असली तर शंभरीपार असेल. तरी आपण नाही आलो तर नाही, ती येईल, असं त्यांनी धरलं असावं.

मुलांनो, मी ती सगळी रोज लावते. नावं पुसट झाली की खडूने गिरवते. तुमच्या आईचं चाँदबीच्या शेजारी ठेवलंय. थंडी पडायला लागली आहे, आणि काल एकही नीट लागलं नाही. म्हणून आज माझी शाल त्यांच्यावर घातली आहे, आणि मी पदर डोक्यावरून घेऊन हे लिहीत बसले आहे. मघापासून सारख्या शिंका येतायत.