खडूची आठवी ओळ

माझा मामा वनस्पती बागेत पाट्या रंगवतो. एकतीस वर्षं झाली. पाटीवर आठ ओळी असतात: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती आणि शेवटी स्थिती, म्हणजे ती जात टिकून आहे की संपत आलीय. पहिल्या सात तो ऑइलपेंटने रंगवतो, आठवी मात्र खडूने. "सात जन्माच्या, पोरी. आठवी बदलते," म्हणतो.

काचघरातल्या पाटीवर दोन रकाने होते. शाळेच्या मुलांना फरक कळावा म्हणून डावीकडे तिथलं फुलझाड, उजवीकडे खार. पहिल्याच ओळीला दोघांची फारकत. शेवटच्या ओळीत झाडापुढे 'अतिसंकटग्रस्त', खारीपुढे 'चिंता नाही'. "हिला कसली चिंता? ही दुसऱ्यांना लावते," मामा म्हणायचा.

त्या जातीचं ते एकच झाड उरलं होतं. ते आयुष्यात एकदाच फुलतं, बी धरतं आणि वाळतं. यंदा कळी आली आणि मामाच्या तोंडचं पाणी पळालं, कारण छपराची एक काच फुटकी होती आणि तिथून खार आत यायची. काच बदलायला त्याने पाच अर्ज केले. बागेचे साहेब म्हणाले, "बघू." निदान खार तरी पकडू द्या म्हणाला, तर "प्राण्यांचा विभाग वेगळा." म्हणजे कचेरीतही पहिल्याच ओळीला फारकत! शेवटी मामाने घरची मच्छरदाणी आणून कुंडीवर बांधली आणि डोळ्यांत तेल घालून बसला.

फूल उमललं त्या सकाळी मात्र त्याच्यातला पेंटर जागा झाला. पाटीवरच्या चित्रातलं फूल इतकी वर्षं कोरं होतं, रंग कुणालाच ठाऊक नव्हता. जाळीतून तो नीट दिसेना. त्याने मच्छरदाणी सोडून बाजूला ठेवली, पिवळ्यात तांबडा कालवला, तांबडा कमी पडला म्हणून डबा आणायला गेला. आला तेव्हा खार कुंडीच्या काठावर बसून शेवटची पाकळी खात होती. फूल गेलं म्हणजे बीही गेलं.

"मीच सोडली गं," एवढंच तो फोनवर म्हणाला. मला साहेबांचा भयंकर संताप आला होता, पण हे ऐकल्यावर भांडायचं तरी कुणाशी?

महिन्याभरात झाड वाळलं. मामा ओलं फडकं घेऊन आठवी ओळ पुसायला गेला, तर साहेब म्हणाले, "'लुप्त' असं परस्पर लिहायचं नाही. वरून पत्र आलं की बदला."

पत्र आलेलं नाही. काचघरातल्या दमट हवेने खडू पुसट होतो. म्हणून मामा रोज सकाळी रिकाम्या कुंडीसमोर उभा राहून 'अतिसंकटग्रस्त' पुन्हा गिरवतो, आणि मग त्याच खडूने शेजारचं 'चिंता नाही'.