दुसऱ्याचे शब्द शोधणाऱ्या ताई

"आधी आपलंच नाव टाक गो."

नवं टूल उघडलं की ताई चष्मा कपाळावर चढवून हेच म्हणायच्या.

शहापूरच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचं जाहिरातींचं ऑफिस होतं. मोबाइलवर काही शोधलं की सगळ्यात वर जाहिराती येतात, त्या तुम्हीही पाहिल्या असतील. त्या आम्ही लावायचो. कोणत्या शब्दांवर लावायच्या हे ठरवण्यातच अर्धं काम असतं. प्रतिस्पर्धी कोणते शब्द वापरतो, हे सांगणारी टूल्स विकत मिळतात. त्यांतलं कोणतं घ्यावं, हे तपासायला ताईंनी मला ठेवलं. मुरबाडहून बी.कॉम. झालेली, जिथे तिथे 'कळवतो' ऐकून थकलेली मी. मुलाखतीत त्यांनी एवढंच विचारलं, "एसटीनं येशील ना? मग उद्यापासून ये."

तेव्हा आमच्याकडे टोकावड्याच्या बाजूचं एक जोडपं होतं. भातशेतीला लागून त्यांनी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. जवळच एक मोठं रिसॉर्ट, त्यामुळे यांच्याकडे कुणी फिरकेना. नवरा भिवंडीच्या गोदामात नोकरी बघत होता. तो गेला की खोल्यांना कुलूप लागणार होतं.

एका टूलचा विक्रेता व्हिडिओ कॉलवर आला आणि त्या रिसॉर्टचे शब्द भराभर दाखवू लागला. ताईंनी त्याला थांबवलं.

"दादा, या आमच्या चार खोल्यांचं नाव टाका. आमी काय शब्द लावलेत ते आमाला ठाऊक हाय. तुमचं टूल काय सांगतं बघू."

टूलने सांगितलं, 'स्विमिंग पूल'.

"आमच्याकडे विहीर हाय, पूल नाय," ताई शांतपणे म्हणाल्या. विक्रेताही हसला.

मग मी तीन टूल्स अशीच तपासली. पहिल्याची यादी लांबलचक, पण जुनी. उन्हाळ्यातही ते पावसाळी सहलीचेच शब्द दाखवी. तिसरं इंग्रजीत हुशार, पण 'मुक्काम' म्हटलं की गप्प. दुसरं थोडकंच सांगायचं, पण आम्ही खरोखर लावलेल्या शब्दांशी जुळणारं. ताईंनी ते घेतलं. मी आनंदाने रिसॉर्टचे सगळे शब्द उतरवून त्यांच्यापुढे ठेवले. म्हटलं, हेच लावू.

"त्यांचे शब्द घेतलेस तर त्यांचंच गिऱ्हाईक येईल," त्या म्हणाल्या. "येऊन काय शोधील?"

"पूल," मी म्हटलं.

"चल, जागा बघून येऊ."

मुरबाडपर्यंत एसटीने आणि पुढे जीपमध्ये दाटीवाटीने बसून आम्ही गेलो. मालकीणबाईंनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. ताईंचं लक्ष मात्र जमिनीकडे होतं. अंगणातून खोलीत, खोलीतून न्हाणीघरात, कुठेच पायरी नव्हती.

"असं का बांधलंत?"

"सासूबाईंचे गुडघे," मालकीणबाई म्हणाल्या. "त्यांना पायरी चढवत नाय. मग सगळंच सपाट केलं."

परतीच्या जीपमध्ये ताई बाहेर बघत म्हणाल्या, "बाबांना लकवा झाल्यावर त्यांना एकदा डोंगर बघायचा होता. जिथं नेलं तिथं पायऱ्या. फाटकातूनच परत आणलं गो त्यांना."

मी त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी टूलमध्ये आम्ही वेगळेच शब्द टाकले. पायऱ्या नसलेली जागा, आईवडिलांना घेऊन मुक्काम, व्हीलचेअर. माणसं हे शोधत होती. थोडीच, पण शोधत होती. आणि तिथे एकाही प्रतिस्पर्ध्याची जाहिरात नव्हती. ताईंनी जाहिरातीचा मथळा लिहिला: 'एकही पायरी नाही.'

कित्येक दिवस काहीच घडलं नाही. माझा जीव टांगणीला. ताई म्हणायच्या, "म्हातारी माणसं न्यायची तर घरात चार वेळा बोलणं होतं. जरा दम धर."

आणि एक दिवस मालकीणबाईंचा फोन आला. डोंबिवलीहून एक कुटुंब आजीला घेऊन आलं होतं. आजी स्वतःच्या पायांनी शेताच्या बांधापर्यंत गेली, म्हणे. मग आणखी कुटुंबं आली. खोल्या रोज भरतात असं नाही, पण नवरा भिवंडीला गेला नाही. कुलूपही लागलं नाही.

गेल्या वर्षी ताई आजारी पडल्या. कल्याणच्या हॉस्पिटलात मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी नर्सला सांगितलं, "ही आमच्या ऑफिसची मालकीण."

"ताई, काहीतरीच काय!"

"मग कोण?" त्या म्हणाल्या. ऑफिस त्यांनी माझ्यावर सोपवलं, ते असं. 'कळवतो' त्या कधी म्हणाल्याच नाहीत. आज माझ्या घरची चूल पेटते ती त्यांच्यामुळे, हे मला त्यांना नीट सांगायचं होतं. मी नुसतीच त्यांची चादर सारखी करत राहिले.

सलाइन बदलता बदलता नर्सने विचारलं, "माझ्या भावाचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे म्हसा गावात. त्याची जाहिरात होईल का हो?"

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, उत्तर मीच द्यायचं होतं.

"होईल की," मी डोळे पुसत म्हटलं. "पंप बंद पडला की लोक त्याला फोन करून पहिलं वाक्य काय बोलतात?"

नर्स आठवून आठवून सांगू लागली. ताई डोळे मिटूनच ऐकत होत्या आणि अधूनमधून मान हलवत होत्या.